तांबड्याची दावण

जी वाट आपण स्वतः चाललो नाही ती दुसऱ्याला सांगायची नाही, हा नियम बसवराज हालगे याने स्वतःच केला होता. तो मोडला म्हणून आजवर अकरा जणांना त्याने गटाबाहेर काढलं होतं. बारावा तो स्वतः निघाला, आणि तेही कशापायी, तर एका बैलापायी.

गट म्हणजे मोबाईलवरचा. 'ऑर्डेनफॉल' नावाचा एक खेळ आहे. टीव्हीला जोडून खेळायचा. त्यात डोंगर आहेत, दलदली आहेत, ओसाड किल्ले, राक्षस, चेटकिणी, सगळा सरंजाम आहे, आणि या अफाट मुलखात खेळणाऱ्याला मोकळं सोडून दिलेलं असतं. कुठे जायचं, कुणाशी लढायचं, कुणाशी गोड बोलायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. खेळ सगळा इंग्रजीतून. सात वर्षांपूर्वी बसवराज एका मोडक्या पुलापाशी बारा दिवस अडकून पडला होता आणि मराठीत विचारावं असं कुणी त्याला सापडलं नव्हतं. तेव्हा वैतागून त्याने गट काढला आणि नाव ठेवलं 'पायवाट'. वडवणीच्या पेठेत भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाने काढलेल्या या गटात आज सहाशेच्या वर माणसं होती. बीड, लातूर, परभणी, पार कोल्हापूरपर्यंतची. सगळे त्याला अप्पा म्हणत.

नियम दोनच. पहिला वर सांगितला तो. दुसरा असा की ज्याने प्रश्न विचारला त्याने पुढे काय झालं ते येऊन सांगायचं. याला गटात 'समाचार देणं' म्हणत. उत्तर घेऊन गायब होणाऱ्याला बसवराज आठवडाभर तोंड बंद ठेवायला लावत असे.

पहिली दोन-तीन वर्षं मोठी मजेची गेली. माजलगावच्या एका गड्याने त्या मुलखात चार महिने नुसती लाकडं तोडून विकली, एकाही राक्षसाचं तोंड पाहिलं नाही, आणि तो सुखात होता. एकाने किल्ल्याच्या अंगणात कांदा लावला आणि इथं भाव काय मिळतो असं गटात विचारलं. लोक हसायचे, भांडायचे, एकमेकांना पहाटे उठवून दऱ्या पार करायला लावायचे. पण सात वर्षं म्हणजे सात वर्षं. मिठागरातला म्हातारा नावाडी पलीकडे का नेत नाही, हा प्रश्न बसवराजने आतापर्यंत दीडशे वेळा तरी ऐकला असेल. त्याला काही द्यायचं नसतं, त्याच्या नावेत गुपचूप बसून राहायचं असतं, एवढंच उत्तर. पण ते दीडशे वेळा द्यायचं म्हणजे माणसाचा जीव विटतो.

दुकानात दिवसभर त्याच्या हातात भांड्यावर नाव कोरायची विजेची पेन्सिल असे. ती हातात थरथरत राहते आणि संध्याकाळी बोटांना मुंग्या येतात. समोर लग्नाचा बस्ता घेऊन आलेली माणसं, अमक्याचं नाव आधी घाला, तमक्याचं राहिलं म्हणून वाद घालणारी, आणि गल्ल्याशेजारी ठेवलेला मोबाईल सारखा वाजणारा. शिवांजली, त्याची बायको, दुपारचा डबा घेऊन यायची आणि म्हणायची की बंद करा ते, तुम्हाला काय महादेवाची शपथ घातलीय कुणी? तो म्हणायचा, करतो उद्या. तो उद्या काही उजाडत नव्हता.

आणि एक गोष्ट त्याने शिवांजलीलाही सांगितली नव्हती. गेल्या दोन वर्षांत त्याने स्वतः तो खेळ एकदाही लावला नव्हता. जुन्या चाललेल्या वाटांच्या शिदोरीवर तो उत्तरं देत होता. नवं पाऊल टाकायची इच्छाच उरली नव्हती. त्या मुलखाचा त्याला कंटाळा आला होता, माणसांचाही आला होता, आणि अप्पा या हाकेचा तर सगळ्यात जास्त.

या गटात केसरबाई होत्या. वडवणीपासून नऊ किलोमीटरवरच्या एका गावातल्या, साठी ओलांडलेल्या, चांगल्या पंचवीस एकरवाल्या घरच्या. त्यांचा मुलगा आदिनाथ चाकणला कंपनीत होता तेव्हा त्याने हौसेने हा खेळ घेतला. पुढे नोकरी सोडून तो गावी आला, ट्रॅक्टर घेतला, आणि खेळ टीव्हीखाली धूळ खात पडला. केसरबाईंनी आधी पदराने धूळ पुसली आणि मग मुलाला विचारलं, हे कसं धरायचं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. बटणं त्या आकारावरून ओळखत. पडद्यावर काही अक्षरं आली की मोबाईलवर त्याचा फोटो काढून गटात टाकत आणि बोलून विचारत, ह्याच्यात काय लिव्हलंय बाबा. कुणी ना कुणी वाचून सांगायचं. त्यांना कुणी हसलं नाही, कारण दोन नियम सगळ्यात चोख पाळणारं माणूस गटात त्याच होत्या. समाचार दिल्याशिवाय त्या जेवायला उठत नसाव्यात.

हसायचे लोक ते त्यांच्या बैलाला. खेळाच्या सुरुवातीला पहिल्याच गावात, लोहाराच्या मागच्या अंगणात, प्रत्येकाला एक बैल आणि एक गाडी मिळते. बैल लाल, एक शिंग वाकडं, आणि चाल अशी की पाहणाऱ्याला डुलकी लागावी. म्हणून जो तो अर्ध्या तासात त्याला बाजारात विकतो आणि तट्टू घेतो. बसवराजने नवख्यांसाठी लिहिलेल्या सूचनांत पहिलीच ओळ होती: बैल आधी विका. सहाशे जणांत ती एकट्या केसरबाईंनी मानली नाही. त्यांनी त्याचं नाव तांबड्या ठेवलं आणि त्याच्या मागे चालत आठ-नऊ महिन्यांत अर्धा मुलूख पालथा घातला. दुपारच्या उन्हात त्या त्याला चालवत नसत. खेळात ऊन लागत नाही असं लोकांनी परोपरीने सांगितलं, तरी प्रत्येक ओढ्यावर त्या त्याला पाणी दाखवत. राक्षस दिसला की गाडी वळवून दुसऱ्या वाटेने जात.

मग पोळा आला. केसरबाईंच्या घरी आता बैल नव्हते. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले. मातीचे बैल पाटावर मांडून त्यांनी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि मग टीव्हीसमोर येऊन बसल्या. तिथल्या बाजारातून त्यांनी आधीच एक नवा दोर आणि एक नवी घंटा घेऊन ठेवली होती. पोळ्याला बैलाला जुन्या दोरात ठेवायचं नसतं. त्यांनी तांबड्याला नदीवर नेलं, खांद्यावरचं जू उतरवलं, गळ्यातली घंटा काढली, जुना दोर सोडला आणि नवा घालण्यासाठी पिशवी उघडली.

खेळ बनवणाऱ्यांना पोळा कुठला ठाऊक असायला. ज्या जनावराचा दोर काढला ते धन्याने कायमचं मोकळं सोडलं, असं त्या खेळाचं गणित. केसरबाई पिशवीतून नवा दोर काढेपर्यंत तांबड्या नदी ओलांडून पलीकडच्या झाडीत गेला होता. संध्याकाळपर्यंत त्या काठावर उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गटात त्यांचा आवाज आला. तांबड्या गेला, कुठे सापडेल, एवढंच विचारलं होतं. उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण बैल कुणी ठेवलाच नव्हता तर सोडणार कुठून. सगळे अप्पाच्या तोंडाकडे बघत बसले.

अप्पाचा तो दिवस बाजाराचा. पोळ्यानंतरची गर्दी. पेन्सिलीचं टोक तुटलेलं, आणि एक गिऱ्हाईक हंड्यावर बायकोचं माहेरचं नाव पडलं म्हणून काउंटरवर हात आपटत होतं. हंडा नवा द्या, नाहीतर ते नाव खोडून द्या म्हणत होतं. स्टीलवरचं नाव खोडता येत नाही हे त्याला पटत नव्हतं. मोबाईल तीनदा वाजला. बसवराजने एका हाताने हंडा धरला आणि दुसऱ्याने लिहून टाकलं: उत्तरेच्या कुरणात जा मावशी, मोकळी जनावरं तिथे जमतात, चाळीस मुक्काम करा म्हणजे येईल.

कधीकाळी त्या कुरणात त्याने लांबून चार गायी पाहिल्या होत्या, एवढाच काय तो आधार. चाळीस हा आकडा त्याने का लिहिला हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. वेळ मारून न्यायची होती, ती त्याने नेली.

केसरबाई निघाल्या. उत्तरेचं कुरण म्हणजे दोन घाट पलीकडे, लांडग्यांच्या रानातून. गाडी नाही, बैल नाही, पायी. जन्मात कधी त्यांनी त्या खेळात काठी उगारली नव्हती. सगळा गट त्यांच्यामागे लागला. कुणी लांडगे कधी झोपतात ते सांगितलं, कुणी कुठल्या गुहेत विस्तव पेटवता येतो ते. पाच दिवसांनी त्या पोचल्या. मग रोज एक मुक्काम. रोजचा समाचार. आज चार झाले. आज अकरा झाले. आज पाऊस होता, झाडाखाली बसले, सतरा झाले.

बसवराजला तो आवाज ऐकवेना. पहिल्यांदा त्याला वाटलं की दोन दिवसांत कंटाळतील. मग वाटलं, कोण जाणे, येईलही बैल. विसाव्या मुक्कामानंतर तो त्यांचे निरोप न ऐकताच पुढे ढकलू लागला. खरं सांगायची वेळ रोज येत होती आणि तो रोज तिला दुकानाच्या दारातून परत पाठवत होता.

एके दिवशी दुपारी डब्यातली भाकरी मोडता मोडता त्याने चुकून त्यांचा निरोप लावला.

"चाळीस झाले अप्पा. न्हाई आला. तुमी सोता गेलतात म्हनून इचारते, कोन्या झाडाखाली थांबायचं असतंय? माजंच कायतरी चुकलं असंल."

त्याने भाकरी डब्यात परत ठेवली. त्या बाईने त्याच्यावर एक शब्दाचा संशय घेतला नव्हता. चूक तिने आपल्या पदरात बांधून घेतली होती. त्याला स्वतःची शिसारी आली, आणि त्याच क्षणी केजचा सुग्रीव आठवला.

सुग्रीव केजला एसटी स्टँडसमोर चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दोन वर्षांपूर्वी त्याने कुणाला तरी ऐकीव वाट सांगितली आणि तो माणूस दलदलीत बुडाला, सगळा खेळ वाया गेला. बसवराजने सुग्रीवला सहाशे जणांपुढे झाडलं होतं. लोणकढी थाप मारणाऱ्याला इथं जागा नाही, असं लिहिलं होतं. सुग्रीवने नंतर खाजगीत निरोप पाठवला होता की अप्पा, एकदाच चुकलं, दिवसभर उभा असतो, दमलो होतो. त्याला बसवराजने उत्तरही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला बसवराज उठला. अंघोळ, लिंगपूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून तो टीव्हीसमोर बसला आणि दोन वर्षांनी त्याने तो खेळ लावला. अगदी पहिल्यापासून. लोहाराच्या मागच्या अंगणात लाल बैल खुंट्याला उभा होता. या खेपेला त्याने तो विकला नाही.

सात वाजता दुकान उघडायचं, म्हणून रोज पहाटेचे दोनच तास. बैल घेऊन तो उत्तरेला निघाला. त्या चालीने त्याचा जीव मेटाकुटीला आला. तट्टावरून दहा मिनिटांत कापलेली वाट बैलामागे एक अख्खी पहाट खात होती. पाठ दुखायची, डोळे चुरचुरायचे, पडद्यावर बैलाचा तोच तो लाल पुठ्ठा हलत पुढे चाललेला. चौथ्या पहाटे दोन्ही घाट ओलांडून तो कुरणात पोचला, दोर काढला, आणि थांबला.

बैल क्षणभर उभा राहिला आणि वळला. कुरणात रमायची त्याची काही इच्छा दिसेना. आल्या वाटेने तो परत चालू लागला. बसवराज त्याच्यामागे. आणखी तीन पहाटा. बैल कुठे घाई करत नव्हता, कुठे चुकतही नव्हता. पुढे काय होणार हे बसवराजला ठाऊक नव्हतं. असं सात वर्षांत फार कमी वेळा झालं होतं. तो दमला होता, पण उठावंसं वाटत नव्हतं. तिसऱ्या पहाटे बैल पहिल्या गावात शिरला, लोहाराच्या घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेला आणि आपल्या खुंट्यापाशी जाऊन उभा राहिला.

दुपारी त्याने हे शिवांजलीला सांगितलं. ती अंबाजोगाईकडच्या शेतकऱ्याची लेक. डब्याचं झाकण लावता लावता ती म्हणाली की मग आणखी कुठे जाईल, सुटलेला बैल दावणीलाच येतो, हे तिच्या माहेरचं शेंबडं पोरही सांगेल. गटात निम्म्यांच्या घरी गोठे होते. कुणीच बोललं नव्हतं. अप्पाने सांगितलंय म्हटल्यावर सहाशे जणांनी आपली अक्कल खुंटीला टांगून ठेवली होती.

त्या संध्याकाळी दुकान बंद करून त्याने शटरला टेकून गटात लिहिलं. केसरमावशींना सांगितलेली वाट मी चाललो नव्हतो. मनाने ठोकून दिली होती. नियम मला लागू आहे. मग त्याने सुग्रीवला गटात परत घेतलं, त्याच्या हाती गटाचा कारभार दिला आणि लिहिलं की मला काढ. खरी वाट सांगणारी पुढची ओळ तो लिहीतच होता, तेवढ्यात पडद्यावर आलं की तुम्हाला या गटातून काढण्यात आलं आहे. सुग्रीवने एक मिनिटही लावला नव्हता. बसवराजला हसू आलं, आणि मग मोकळं वाटलं, आणि मग फार एकटं वाटलं. वर आता केसरबाईंना बैल कुठे आहे ते सांगायचं राहूनच गेलं होतं.

फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तो मोटरसायकलवरून त्यांच्या गावी गेला.

घर मोठं होतं. अंगणात नवाकोरा सिमेंटचा कोबा, त्यावर पत्र्याचं शेड, त्यात ट्रॅक्टर. ओसरीवर विठ्ठलराव, केसरबाईंचे मालक, बाजेवर पडून होते. त्यांनी कुठले, कुणाचे विचारलं, वडवणीचे हालगे म्हटल्यावर ओळख पटली, या घरातले हंडे-कळश्या त्याच्या वडिलांच्या दुकानातल्याच होत्या. आदिनाथ शेतावर गेला होता. केसरबाई आतून पदराला हात पुसत आल्या. आवाज एवढा ओळखीचा आणि बाई पहिल्यांदाच दिसत होती. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

बसवराजने आल्या आल्या हात जोडले आणि मी चुकलो म्हणाला. त्यांनी ते गटात वाचलं होतं. बसा म्हणाल्या. मग त्याने बैल कुठे आहे ते सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनीच हात वर करून त्याला थांबवलं.

"मला म्हाईत हाय तो कुटं हाय."

बसवराजला काही कळेना. मग चाळीस मुक्काम कशाला केले, असं त्याने विचारलं. तेव्हा दाराबाहेरच्या कोब्याकडे बोट दाखवून, ओसरीवर ऐकू जाणार नाही अशा बेताने त्या सांगू लागल्या.

त्यांच्या घरच्या बैलाचंही नाव तांबड्याच होतं. मागल्या वर्षी दिवाळी झाल्यावर आदिनाथने ट्रॅक्टर आणला आणि बैलजोडी बाजारात नेऊन विकली. आईला विचारलं नाही, विचारलं असतं तरी तिने काही हो म्हटलं नसतं. त्याच आठवड्यात गोठा मोडून खुंटे उपटले आणि कोबा टाकला. चौथ्या दिवशी सकाळी त्या दारात सडा टाकायला आल्या, तर कोब्यावर तांबड्या उभा. गळ्यात तुटलेला दोर. दहा कोसांवरून आला होता. जिथे त्याचा खुंटा होता बरोबर त्या जागी सिमेंटवर उभा होता आणि खाली मान घालून हुंगत होता. त्यांनी बादलीभर पाणी ठेवलं, ते तो सगळं प्यायला. आदिनाथने घेणाऱ्याला फोन केला. आदिनाथ वाईट नाही, त्यांनी मध्येच सांगितलं, व्यवहार झाला होता, दुसऱ्याचं जनावर दारात कसं ठेवायचं. दुपारी टेम्पो आला.

"चढंना," केसरबाई म्हणाल्या. "चौगं ढकलत व्हते, चाबूक घेतला एकानं. मग म्याच दोर धरला. म्या फुडं चढले, तो माज्या मागं चढला. मारायची गरजच पडली न्हाई. मग म्या खाली उतरले."

ओसरीवर विठ्ठलराव खोकले. केसरबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला. डोळे कोरडे होते. हे रडणं त्यांनी कधीच रडून संपवलं असावं.

"पोळ्याला ह्यो सुटला, तवाच कळलं मला, ह्यो बी तितंच जानार," त्या म्हणाल्या. "दावनीवर उबा असंल तर त्याला काय तोंड दावू? तुमी उत्तरंला म्हनलात. बरं वाटलं. चाळीस दिस कुनी इचारलं न्हाई, तितं कावून बगत न्हाई म्हनून."

सात वर्षं बसवराज लोकांना वाटा सांगत होता आणि प्रश्न विचारणारा प्रत्येक माणूस अडला आहे असंच धरून चालत होता. त्याला त्या बाईची फार दया आली, आणि तिला दया नको आहे हेही कळलं. तो म्हणाला की मी त्या अंगणापर्यंत चालून आलोय, तुम्ही म्हणाल तर बरोबर बसतो.

त्यांनी टीव्ही लावला. उत्तरेच्या कुरणातल्या झाडाखाली विस्तव अजून धुमसत होता. त्या उठल्या आणि चालू लागल्या. तास-दीड तास लागला. मध्ये त्यांनी चहा करून आणला. वाटेत ओढा आला की त्यांचं बोट सवयीने थांबायचं, पाणी दाखवायला, आणि मग पुढे व्हायचं. बसवराज चहा घेत नुसता बघत होता. वाट त्यांना त्याच्यापेक्षा चांगली ठाऊक होती.

पहिलं गाव आलं. लोहाराचं घर आलं. अंगणाच्या कोपऱ्यावर त्या थांबल्या. मग अर्धं पाऊल, मग पाऊल, असं करत वळल्या.

तांबड्या खुंट्यापाशी उभा होता. अंग तेच, वाकडं शिंग तेच. गळा मोकळा. त्याने मान वळवून पाहिलं. खेळातली जनावरं कुणीही जवळ आलं की मान वळवतात, हे बसवराजला माहीत होतं. ते त्याने सांगितलं नाही.

केसरबाईंनी पिशवी उघडली. पोळ्याचा नवा दोर आणि नवी घंटा तशीच होती. दोर हातात घेतल्यावर पडद्यावर खाली दोन ओळी उजळल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बसवराजने वाचून सांगितलं: दोर बांधला तर तो पुन्हा गाडीला येईल, तुम्ही न्याल तिकडे येईल. नाही बांधला तर इथेच राहील. इथून त्याला कुणी नेणार नाही.

"कुनीच न्हाई?"

"नाही मावशी. हे मी बघितलंय." एवढं तरी आज तो खरं सांगू शकत होता. दोर काढून तीन पहाटा तो त्याच्यामागे चालला होता आणि नंतर रोज येऊन पाहिलं होतं. बैल तिथेच होता.

त्यांनी दोर परत पिशवीत टाकला. घंटाही टाकली. अंगणात एक बादली होती, ती आडावर भरून आणून तांबड्यापुढे ठेवली आणि त्याच्या बाजूला जमिनीवर बसल्या. अर्धा मुलूख फिरलेली बाई जिथून निघाली होती त्याच अंगणात येऊन बसली होती, आणि पुढे कुठे जायचं तिच्या मनात दिसत नव्हतं. बाहेर ट्रॅक्टरच्या पत्र्यावर ऊन चढलं होतं.

मग त्या बसवराजकडे वळल्या. दुसरा नियम त्या विसरल्या नव्हत्या. पण प्रश्न अप्पाला विचारलेला आणि अप्पा तर गटात नाही, मग समाचार आता कुणाला द्यायचा, असं त्यांनी विचारलं. बसवराज म्हणाला, मला द्या.

केसरबाईंनी पदर नीट केला, गटात बोलताना करत असाव्यात तसा.

"तांबड्या घावला," त्या म्हणाल्या. "दावनीला हाय. पानी पेला." मग त्यांनी उरलेलंही सांगितलं. "ह्या बारीला म्या दोर धरला न्हाई."